डार्क मंगा पचवायची कशी? नव्या वाचकांसाठी

ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशनच्या) वाटेने मंगाकडे, म्हणजे जपानी कॉमिक्सकडे, आलेल्या माणसाचा प्रवास साधारण ठरलेला असतो. ‘डेथ नोट’ बघून होते, ‘अटॅक ऑन टायटन’ बघून होते, मग कुणीतरी म्हणतं, “हे काहीच नाही रे, ‘ओयासुमी पुनपुन’ वाच.” तो बिचारा वाचायला घेतो आणि दोन रात्रींत फडशा पाडतो. पुढचे आठ दिवस जेवण जात नाही, लेक्चरमध्ये लक्ष लागत नाही. घरी विचारलं तर सांगणार काय? “एक कॉमिक वाचलं” एवढंच उत्तर असतं, आणि ते कुणाला पटत नाही.

हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि जो अजून तिथवर गेलेला नाही त्याच्यासाठी जास्त. डार्क मंगा म्हणजे मन हादरवणाऱ्या या कथा त्रास व्हावा म्हणूनच बांधलेल्या असतात, तेव्हा त्रास झाला तर त्यात लाजायचं कारण नाही. मात्र तो किती जोरात अंगावर घ्यायचा हे बरंचसं वाचणाऱ्याच्या हातात असतं. सिनेमा त्याच्या वेगाने पुढे पळतो. मंगाचं पान तुम्ही उलटल्याशिवाय उलटत नाही. खालच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एकाच गोष्टीतून निघतात.

पायरी १: हातात काय आहे ते बघून घ्या

जपानमध्ये बहुतेक मंगा आधी नियतकालिकात क्रमशः येते आणि मग खंडांत निघते. प्रत्येक नियतकालिकाचा वाचक ठरलेला असतो: मुलग्यांसाठी शोनेन, मुलींसाठी शोजो, मोठ्या पुरुषांसाठी सेइनेन, मोठ्या बायकांसाठी जोसेइ. कथा कुठे छापून आली हे कळलं की निम्मा अंदाज येतो. उरलेला निम्मा येत नाही, आणि नवखे नेमके तिथेच फसतात.

आपल्या घराघरांत पोहोचलेला शिनचॅनच घ्या. त्याची मूळ मंगा १९९० मध्ये सुरू झाली ती ‘वीकली मंगा ॲक्शन’ या मोठ्यांच्या साप्ताहिकात. उलट योशितोकी ओइमाची ‘कोए नो काताची’ (इंग्रजीत ‘अ सायलेंट व्हॉइस’) २०१३-१४ मध्ये आली मुलग्यांच्या ‘वीकली शोनेन मॅगझिन’मध्ये, आणि तिचा विषय काय, तर शाळेत एका कर्णबधिर मुलीचा झालेला छळ आणि पुढे त्या छळणाऱ्या मुलाचं जगण्यावरून उडालेलं मन.

चित्रांच्या गोडव्यावर तर अजिबात जाऊ नका. ‘ताकोपी नो गेन्झाई’मध्ये ऑक्टोपससारखा गुबगुबीत परग्रहवासी पृथ्वीवर आनंद वाटायला येतो. त्याच्याकडे जादूची उपकरणं आहेत, त्याला भेटलेल्या मुलीचं नाव शिझुका आहे. म्हणजे डोरेमॉनच की, असं वाटून लहान भावाच्या हातात द्याल, तर पहिलंच प्रकरण संपेपर्यंत पुस्तक हिसकावून घ्यायची वेळ येईल. घरातली हेळसांड, शाळेतली गुंडगिरी, आत्महत्या, सगळं त्या गोंडस रेषांमध्ये आहे.

म्हणून इंग्रजी आवृत्तीच्या मागच्या पानावरचा वयाचा शिक्का बघा. तेवढ्यावर न थांबता आत कोणते विषय आहेत ते ज्याने वाचलंय त्याला विचारा. कथानक नका विचारू, फक्त विषय विचारा. “शेवटी कोण मरतं?” हा प्रश्न मजा घालवतो. “यात लैंगिक अत्याचार आहे का? घरातली मारहाण आहे का?” याने काहीही बिघडत नाही. ज्यांच्या स्वतःच्या आयुष्यात असं काही होऊन गेलंय त्यांनी हे विचारल्याशिवाय पहिलं पानही उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी थोडं अंधारात शिरलं तरी चालतं.

पायरी २: पुनपुनपासून सुरुवात करू नका

सोशल मीडियावरच्या याद्यांमध्ये ‘पुनपुन’ नेहमी पहिल्या नंबरवर असते, त्यामुळे लोक पहिली तीच उचलतात. मी क्रम उलटा लावीन.

पहिली ‘मॉन्स्टर’. नाओकी उरासावाची ही मंगा १९९४ ते २००१ या काळात आली, अठरा खंड. केंझो तेनमा हा ड्युसेलडॉर्फमधला जपानी मेंदूशल्यविशारद महापौराला बाजूला ठेवून आधी आलेल्या एका मुलाचा जीव वाचवतो, आणि काही वर्षांनी कळतं की वाचवलेला मुलगा माणसं मारत सुटलाय. विषय भयंकर आहे, पूर्व बर्लिनच्या अनाथालयातले प्रसंग तर पोटात गोळा आणतात, पण कथेला रहस्यकथेचा कणा आहे. पुढे काय होणार ही उत्सुकता तुम्हाला ओढत नेते, आणि तेनमासारखा चांगला माणूस शेवटपर्यंत सोबत असतो. नवख्याला ही सोबत लागते.

मग ‘कोए नो काताची’. सातच खंड. सुरुवातीला फार राग येतो, पण लेखिका हात सोडत नाही.

त्यानंतर ‘ताकोपी’, सोळा प्रकरणं, दोन खंड. छोटी असल्यामुळे त्रास झाला तरी त्याला अंत आहे. जपानमध्ये ती डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ एवढ्याच काळात आली आणि संपली.

शुझो ओशिमीची ‘ची नो वादाची’ (इंग्रजीत ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’) आणि इनिओ आसानोची ‘पुनपुन’ यानंतर. ‘बर्सर्क’ कुठे बसवायची यावर वाद घालणारे घालतीलच. चित्रकला म्हणाल तर तिचा कर्ता केंतारो मिउरा याच्या तोडीचं फार थोडं आहे. पण बाराव्या-तेराव्या खंडातल्या ‘एक्लिप्स’ या प्रसंगात ज्या पद्धतीचा अत्याचार दाखवलाय तो पुष्कळ जाणत्या वाचकांनाही झेपत नाही. मित्राने आग्रह केला म्हणून तिथवर जाऊ नका.

जुंजी इतोच्या ‘उझुमाकी’सारख्या भयकथा या यादीत मी मुद्दाम घेतल्या नाहीत. त्यांची भीती वेगळी. गोगलगाय झालेला माणूस बघून किळस येते, रात्री बाथरूमला जाताना दिवा लावावासा वाटतो, पण सकाळी ऊन पडलं की त्यातलं फारसं उरत नाही. वरच्या कथा सकाळी उन्हातही तशाच असतात.

पायरी ३: किती वाचायचं ते आधी ठरवा

‘पुनपुन’ जपानमध्ये २००७ ते २०१३ अशी जवळपास सात वर्षं चालली. म्हणजे मूळ वाचकाला एक प्रकरण वाचून झालं की निदान एक आठवडा मिळायचा. त्या आठवड्यात तो ऑफिसला जायचा, भांडायचा, जेवायचा, थोडं विसरायचा. ‘ची नो वादाची’ २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये संपली, महिन्यातून दोनदा निघणाऱ्या ‘बिग कॉमिक सुपीरियर’मध्ये. सतरा खंड, सहा वर्षं. ‘बर्सर्क’ तर १९८९ पासून चालू आहे. तिचा नायक गट्स बोटीवर चढला तो कित्येक वर्षं उतरलाच नाही, हा तिच्या वाचकांचा जुना विनोद. मिउरा २०२१ मध्ये गेला. आता त्याचा मित्र कौजी मोरी आणि मिउराचे सहकारी ती पुढे नेताहेत.

लिहिणाऱ्यांनी हा डोस सात वर्षांत विभागून दिलेला असतो आणि आपण तो शनिवार-रविवारमध्ये घेतो. मग बाधतो. “पुनपुन वाचून मी संपलो” म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना मी आधी हेच विचारीन, किती दिवसांत वाचलीस?

तेव्हा एका बैठकीत एकच खंड. ‘पुनपुन’च्या इंग्रजी आवृत्तीत तेरा खंड सात जाड पुस्तकांत बसवलेत, तिथे अर्धं पुस्तक. खंड संपला की दुसऱ्या दिवसापर्यंत पुढचा उघडायचा नाही. उत्सुकतेने जीव गेला तरी नाही. रात्री अकरानंतर नको, दिवसा वाचा. लोकलमध्ये वाचायला हरकत नाही. आजूबाजूला माणसं असतात आणि स्टेशन आलं की उतरावंच लागतं. फक्त बाजूच्या सीटवरच्या काकू पानात डोकावतात, तेवढं सांभाळा.

शक्य असेल तर छापील पुस्तक घ्या किंवा ग्रंथालयात, मित्राकडे मिळतं का बघा. चोरून टाकलेल्या स्कॅनच्या साइट्सवर प्रकरण संपलं की पुढचं आपोआप समोर येतं, बोट थांबतच नाही. शिवाय प्रत्येक प्रकरणाखाली शेकडो लोकांच्या प्रतिक्रिया असतात, आणि आपल्याला काय वाटलं हे कळायच्या आत दुसऱ्यांचं वाटणं डोक्यात शिरतं. लेखकाला पैसे मिळत नाहीत हा मुद्दा तर आहेच.

पायरी ४: पान आपल्यावर काय करतंय ते बघायला शिका

मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे उघड्या पुस्तकात नजर शेवटी पोहोचते ती डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यातली चौकट बघत चला. बऱ्याचदा तिथे कुणीतरी मान वळवत असतं, दार किलकिलं झालेलं असतं, “आई?” एवढाच एक शब्द असतो. धक्का पुढच्या उजव्या पानावर, आणि तो बघायला पान तुम्हालाच उलटावं लागतं. म्हणजे दार तुम्ही उघडलं. चित्रकार हे फार विचार करून रचतात, इतो तर त्यात उस्ताद आहे. मोबाइलवर खाली सरकवत वाचलं की यातलं निम्मं कौशल्य वाया जातं.

एकदा हे लक्षात आलं की त्या कोपऱ्यात थांबता येतं. श्वास घ्या, पाणी प्या, मग उलटा. धक्का बसायचा तो बसतोच, पण बेसावध असताना बसत नाही.

दुसरी गोष्ट शांततेची. ‘ची नो वादाची’ उघडा. तेरा-चौदा वर्षांचा सेइइची आणि त्याच्यावर अतोनात प्रेम करणारी त्याची आई सेइको. वरवर बघता बाकी काहीच नाही. पानंच्या पानं संवाद नाही. एका चौकटीत आईचे डोळे, पुढच्या चौकटीत किंचित उघडलेले ओठ, मग पूर्ण पानभर तिचा चेहरा, पेनाच्या बारीक रेघोट्यांनी भरलेला. ती हसतेय. तिच्या हसण्यात नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण घसा कोरडा पडतो. पहिल्या खंडात नातेवाइकांबरोबर डोंगरावर सहल जाते, तिथे काय होतं ते मी सांगणार नाही. त्याच्या आधीची पानं मात्र नीट बघा. घडणाऱ्या गोष्टीपेक्षा त्या पानांनीच तुमची जास्त दमछाक केलेली असते.

इथे वेगाचा एक सापळा आहे. वाचायला शब्दच नसल्याने डोळे भराभर पुढे जातात, अख्खा खंड वीस मिनिटांत हातावेगळा होतो. मग माणूस म्हणतो, “छोटाच होता, अजून एक वाचतो.” असे चार खंड झाले की अचानक जाणवतं, आपण खांदे आखडून बसलोय, जबडा घट्ट आवळलाय. शब्द कमी असलेली मंगा हळू वाचायची असते. एका चौकटीवर दोन श्वास, असा नियम घालून बघा. विचित्र वाटेल, पण चित्र दिसायला लागतं.

‘पुनपुन’ची युक्ती आणखी वेगळी, आणि मला वाटतं ती सगळ्यात घातक. त्या कथेतली गावं, रस्ते, विजेच्या तारा हे सगळं छायाचित्रांवरून केलेलं, हुबेहूब. माणसंही माणसांसारखी. आणि कथेचा नायक पुनपुन? लहान मुलाने वहीच्या कोपऱ्यात काढावा तसा चार रेघांचा पक्षी. त्याचे आईवडील, मामा तसेच. कथेतल्या कुणालाच यात काही वावगं वाटत नाही. पुनपुन काय बोलतो तेही आपल्याला फुग्यात वाचायला मिळत नाही. तो असं असं म्हणाला, हे निवेदनातून कळतं. चेहरा नाही, आवाज नाही. मग रिकाम्या जागेत वाचणारा नकळत स्वतःचा चेहरा भरतो, स्वतःचा आवाज भरतो. दहावीतली आपली लाज, पहिल्या प्रेमातला आपला मूर्खपणा, बापाशी तुटलेलं बोलणं, सगळं त्या पक्ष्यात जाऊन बसतं. पुढे त्याचं मन बिघडत जातं तसा त्याचा आकारही बदलतो, मध्ये तो चक्क पिरॅमिडसारखा दिसू लागतो. तोवर तुम्ही इतके आत गेलेले असता की त्याच्या हातून जे काही होतं ते तुम्हीच केल्यासारखं वाटतं.

म्हणून ती मंगा वाचून येणारं वाईट वाटणं निव्वळ सहानुभूतीचं नसतं, त्यात अपराधीपणा मिसळलेला असतो. हे आधीच माहीत असलं की मधूनमधून स्वतःला बाहेर काढता येतं: हा पुनपुन आहे, मी नाही, मी त्याच्या जागी फोन उचलला असता.

बाहेर काढणारी चित्रंही असतात बरं का. ‘कोए नो काताची’मध्ये तो छळणारा मुलगा, इशिदा, ज्यांच्याकडे बघायचं टाळतो त्यांच्या चेहऱ्यावर मोठी फुली मारलेली आहे. वर्गातल्या सगळ्यांवर फुल्या. कुणी त्याच्याशी दोन शब्द बरे बोललं, त्यानेही नजर वर केली, की ती फुली गळून पडते. बोलून सांगितलं असतं तर भाषण झालं असतं.

पायरी ५: नेमकं काय होतंय ते स्वतःला सांगा

“खूप डिप्रेसिंग होतं यार” या एका वाक्यात लोक पाच-सहा वेगळ्या गोष्टी कोंबतात. किळस आली की राग आला? रडू आलं की रडू येत नाही म्हणून घाबरायला झालं? ‘मॉन्स्टर’मधला तो खुनी, योहान, आवडला म्हणून स्वतःचीच शंका आली का? (येते. तो तसाच लिहिलाय, कथेतली माणसंही त्याला भुलतातच की.) काही जणांना काहीच वाटत नाही, आणि ‘मी दगड आहे का’ असा नवीनच घोर लागतो. दगड वगैरे काही नाही; पुष्कळदा मन बधिर होऊन वेळ मागून घेतं आणि तीन दिवसांनी भांडी घासताना रडू येतं.

यातलं बहुतेक आपोआप निवळतं. एकाच प्रतिक्रियेकडे मी नीट लक्ष द्यायला सांगीन: ओळख पटणं. सेइकोचं ते अति जपणं बघून ‘आमच्याकडे असंच होतं’ असं मनात आलं, तर तिथे कथा संपून तुमची गोष्ट सुरू झालेली असते. चांगल्या लेखनात ही ताकद असतेच, आणि त्यातून कधीकधी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट स्पष्ट दिसते. पण तिला सामोरं जायला एकट्याने रात्री दोन वाजताची वेळ वाईट. खंड बाजूला ठेवा. मंगा कुठे पळून जात नाही.

पायरी ६: मिटल्यावर काय करायचं

लगेच फोन उघडून शेवटाचा अर्थ सांगणारे व्हिडिओ बघू नका. आधी उठा. चहा टाका, आंघोळ करा, खाली जाऊन दूध आणा, काहीही. अंगाला काम द्या. तासाभराने वहीत चार ओळी लिहा, मराठीतच. वाचलेलं इंग्रजीत असतं, चर्चा इंग्रजीत चालते, त्यामुळे तयार शब्द फटाफट सुचतात आणि आपल्याला खरंच काय झालं ते त्यांच्याखाली राहून जातं. “छातीत दडपल्यासारखं झालं, आजीच्या घरचा जिना आठवला” असं काहीतरी वेडंवाकडं लिहिलंत तरी ते तुमचं असतं.

एखादं पान डोळ्यांसमोरून जातच नसेल तर एक उपाय माझ्या मते फार गुणाचा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी, भर उजेडात, तेच पान परत उघडा आणि फक्त चित्र म्हणून बघा. किती चौकटी आहेत? सगळ्यात मोठी कुठली? काळा रंग कुठे गच्च भरलाय, पांढरी जागा कुठे सोडलीय? पात्र वाचकाकडे बघतंय की दुसरीकडे? पाच मिनिटं बघितलंत की चित्रकाराचा हात दिसायला लागतो, आणि हात दिसला की पकड सैल होते. जे पान स्वतःच्या आठवणीला भिडलंय त्याच्यावर मात्र हा प्रयोग करू नका.

पायरी ७: बोला, पण माणूस बघून

बोलण्यासाठी समोरच्याने ती मंगा वाचलेलीच असली पाहिजे असं नाही. ऐकून घेणारं माणूस हवं. वाचलेली असेल तर उत्तमच:

“दादा, तू पुनपुन वाचलीयेस ना?”
“हो. कुठवर आलीस?”
“चौथं पुस्तक. मला त्या मामाचा प्रसंग सहनच होत नाहीये.”
“मग थांब दोन दिवस. मी तर महिनाभर ठेवून दिली होती.”

एवढं पुरतं. दादाने इथे “पुढे तर अजून बघ काय होतं!” म्हटलं असतं तर सगळं मुसळ केरात.

आणि तसं म्हणणारे फार आहेत. डार्क मंगाच्या चाहत्यांमध्ये एक स्पर्धा चालते: कुणी काय वाचलं, कोण किती शांत राहिलं, कुणाला अजून भयंकर काय माहीत आहे. तुम्ही हादरलात असं सांगितलंत की “अरे, हे तर सौम्य आहे” म्हणून तिसऱ्याच मंगाचं नाव पुढे येतं. या मंडळींकडून याद्या जरूर घ्या, त्यांचं वाचन दांडगं असतं. मन मात्र दुसरीकडे मोकळं करा.

पायरी ८: सोडून द्यायची वेळ

अर्धवट सोडली तरी कुणी परीक्षा घेणार नाही. पान उलटताना दर वेळी पोटात खड्डा पडतोय आणि बदल्यात काही मिळत नाहीये, तर थांबा. पुढचं कथानक थोडक्यात वाचून घेतलंत तरी चालेल. अर्धवट राहिलेली गोष्ट काही जणांना जास्त छळते, त्यांना शेवट कळला की सुटल्यासारखं वाटतं.

यापुढची गोष्ट गंभीर आहे. दोन-तीन रात्री झोप उडाली, आठवडाभर उदास वाटलं, हे होऊ शकतं. पण दोन आठवडे झाले तरी झोप-जेवण ताळ्यावर नाही, माणसांना टाळावंसं वाटतंय, किंवा पात्राचं ‘जगून काय उपयोग’ हे बोलणं तुम्हाला तुमचंच, अगदी बरोबर वाटायला लागलंय, तर तो प्रश्न मंगाचा राहिलेला नाही. स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचंही नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे: १४४१६ हा क्रमांक, फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. “एक कॉमिक वाचून असं झालं” असं सांगायला संकोच वाटेल. वाटू दे, तरी सांगा. दुखणं आधीपासून असतं, मंगाने त्यावरची खपली काढलेली असते, आणि हे ऐकून घेणाऱ्यांना समजतं.

आईबाबांसाठी थोडंसं

मुलीच्या टेबलावर असलं पुस्तक दिसलं तर आधी हिसकावून घेऊ नका, तो एक खंड स्वतः वाचा. चित्रंच आहेत, अर्ध्या तासात होतो. मग विचारा, “यातलं कोण आवडतं तुला?” वाचन बंद करून काही साधत नाही, ते मोबाइलवर चालू राहतं आणि तुम्हाला कळणंही बंद होतं. मूल बारा-तेरा वर्षांचं असेल आणि शिक्का प्रौढांचा असेल तर नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला आहेच. फक्त कारण सांगा आणि बदल्यात दुसरं काहीतरी द्या.

शेवटी, सोबत ठेवायची एक मंगा

जड काही वाचायला घेताना दुसरं हलकं पुस्तक बाजूला असू द्या. माझी शिफारस कियोहिको आझुमाची ‘योत्सुबा’. पाच-सहा वर्षांची हिरव्या केसांची मुलगी, तिचा बाबा, शेजारच्या तीन बहिणी. एका प्रकरणात ती झोका खेळायला शिकते, एका प्रकरणात पावसात भिजते, अजून एकात दूध पोचवायला निघते. एवढंच. डार्क मंगाचा एक खंड झाला की याचं एक प्रकरण, असं प्रमाण ठेवा. २००३ पासून चालू आहे, पण दोन खंडांमध्ये वर्षं जातात, तेव्हा तीही पुरवून वाचा.